देवघेव : छोटं वाचनालय चालवणाऱ्यांचे प्रश्न

खानदेशातल्या वाचनालयांकडून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत.

प्र. आमच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात त्या वहीत, ४,२०० पुस्तकं आहेत. कपाटांकडे नुसती नजर टाकली तरी तेवढी नाहीत हे कळतं. नव्या कार्यकारिणीला पडताळणी हवी आहे. ग्रंथपाल एकच, वेळ संध्याकाळचे तीन तास. महिनाभर वाचनालय बंद ठेवावं का? (यावल तालुका)

बंद ठेवू नका. दार लावलं की वाचकांकडची पुस्तकं आणखी महिनाभर त्यांच्याच घरी राहतात आणि गहाळचा आकडा उगीच फुगतो.

नोंदवही कपाटापाशी नेऊ नका. ती जड असते, पानं उलटण्यात निम्मा वेळ जातो. त्याऐवजी कागदावर दहा बाय दहाचे चौकोन आखून क्रमांक टाका. एका कागदावर शंभर, म्हणजे तुम्हाला ४२ कागद लागतील. माणसं दोन हवीत. एकाने पुस्तक उघडून दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने त्या चौकोनावर तिरकी रेघ मारायची. रेघ आधीच मारलेली दिसली तर थांबायचं आणि ते पुस्तक वेगळ्या टेबलावर ठेवायचं. जोडीला सराव झाला की तासाला दोनशे पुस्तकं होतात. २१ तासांचं काम आहे, रोज तीन तास दिले तर आठवड्यात संपेल. तपासलेल्या खणावर खडूने खूण करा. त्या आठवड्यात परत येणाऱ्या पुस्तकावर आधी रेघ मारा, मगच ते खणात जाऊ द्या. वाचकांकडे असलेल्या क्रमांकांभोवती गोल करा, बांधणीला गेलेल्यांवर फुली मारा.

आता उरलेले कोरे चौकोन. ते सगळे गहाळ समजू नका. आपल्याकडे पुस्तकावरचा क्रमांक कधी मराठी आकड्यांत असतो, कधी इंग्रजी. घाईत मराठी ४ हा इंग्रजी आठ वाटतो, मराठी ५ हा इंग्रजी चार वाटतो आणि मराठी १ चा इंग्रजी नऊ होतो. म्हणून ४१५ कोरा असेल तर ८९४ वर दोन रेघा आल्या आहेत का ते बघा. वेगळ्या टेबलावरची बरीच पुस्तकं याच रस्त्याने घरी परततात. ती परतल्यावर सगळे क्रमांक एकाच लिपीत पुन्हा लिहून घ्या, नाहीतर पुढच्या पडताळणीला हीच मेहनत पुन्हा पडेल.

त्यानंतर रॅकच्या मागे पडलेली पुस्तकं बघा, वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली बघा आणि पदाधिकाऱ्यांच्या घरी विचारा. हे शेवटचं लिहायला संकोच वाटतो, पण नोंद न करता पुस्तक घेऊन जाण्याचा मान बहुतेक वाचनालयांत त्यांनाच असतो. "तठेच शे, घरी पडेल शे," (तिथेच आहे, घरी पडलंय) असं उत्तर मिळालं की लगेच सभासद क्रमांकावर नोंद करून टाका.

इतकं करूनही जी सापडत नाहीत, त्यांची यादी करा: दाखल क्रमांक, लेखक, नाव, किंमत. यादी कार्यकारिणीपुढे ठेवून ठराव घ्या. मग नोंदवहीच्या शेरा रकान्यात लाल शाईने 'गहाळ' असं लिहून ठराव क्रमांक आणि तारीख टाका. मूळ ओळ खोडायची नाही. रिकामा झालेला क्रमांक नव्या पुस्तकाला तर कधीच द्यायचा नाही. तो दिला की जुनी बिलं, जुने अहवाल आणि नोंदवही यांचा मेळ कायमचा तुटतो, आणि लेखापरीक्षकाला समजावताना तुमची संध्याकाळ जाते. हरवलेलं पुस्तक दोन वर्षांनी सापडलं तर त्याच ओळीत 'सापडले' लिहून तारीख टाका. क्रमांक त्याचा त्यालाच.

प्र. सभासदांची अनामत आम्ही वर्गणीसोबत जमा धरतो आणि पुस्तकखरेदीला वापरतो. गाव सोडून जाणारे सभासद पैसे मागायला येतात तेव्हा पंचाईत होते. शिवाय पुस्तक उशिरा आणणाऱ्यांकडून विलंब शुल्क किती घ्यावं? (अमळनेर)

होणारच. वर्गणी ही तुमची कमाई आहे, अनामत हे देणं आहे. ३०० सभासदांची प्रत्येकी २०० रुपये अनामत असेल तर ६०,००० रुपये लोकांचे आहेत, ते ताळेबंदात देणी बाजूला दिसले पाहिजेत. त्यासाठी बँकेत वेगळं खातं काढा. आजवर खर्च झालेली रक्कम एकदम भरता येणार नसेल, तर दरवर्षीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा त्या खात्यात टाकण्याचा ठराव करा. पावतीपुस्तकंही दोन ठेवा, अनामतीचं वेगळ्या रंगाचं.

विलंब शुल्काबद्दलही तुम्ही विचारलं आहे. दिवसाला एक रुपया चालेल, पण त्याला कमाल मर्यादा घाला, वीस-पंचवीस रुपयांच्या आतली. मर्यादा नसली की सहा महिने पुस्तक ठेवलेला माणूस १८० रुपयांच्या भीतीने पुस्तकही आणत नाही आणि वाचनालयाच्या गल्लीतून जाणंही सोडतो.

प्र. यंदा दिवाळी अंकांची योजना सुरू करायची आहे. चाळीसेक जण तयार आहेत. किती अंक घ्यावेत, शुल्क किती ठेवावं? गेल्या वेळी प्रयत्न केला तेव्हा जानेवारीपर्यंत अंकांच्या चिंध्या झाल्या होत्या. (शिरपूर)

'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय आहे. वर्षभर वाचनालयात न फिरकणारेही या योजनेसाठी येतात. त्यामुळे योजनेचं शुल्क वेगळं असावं आणि नियमही वेगळे असावेत.

एका वेळी एक अंक, मुदत तीन दिवस. चाळीस जणांकडे चाळीस अंक बाहेर असताना येणाऱ्याला निवडायला टेबलावर दहा तरी हवेत, म्हणून ५० अंक घ्या. पन्नास वेगवेगळी नावं घ्यायचा हट्ट नको. पहिल्या महिन्यात सगळ्यांना तेच आठ-दहा अंक हवे असतात. त्यांच्या दोन-दोन प्रती घ्या, बाकीच्यांची एकेक. आरोग्य, पाककृती, भविष्य आणि लहान मुलांचे अंक विसरू नका. साहित्यिक अंकांपेक्षा त्यांची फिरती जास्त असते, कार्यकारिणीला आवडो न आवडो.

अंकाची सरासरी किंमत ३०० रुपये धरली तर खर्च १५,००० रुपये. चाळीस जणांकडून ३०० रुपयांप्रमाणे १२,००० येतील. योजना संपल्यावर दहा अंक वाचनालयात ठेवून उरलेले ४० प्रत्येकी ७५ रुपयांना विकले की ३,००० मिळतात. कागदावर हिशेब असा बरोबर बसतो. प्रत्यक्षात चार-पाच अंक विकण्याजोगे राहत नाहीत, म्हणून घेतानाच विक्रेत्याकडे पूर्ण संचावर सवलत मागा आणि ती बिलावर दाखवायला लावा.

आता चिंध्यांचं. जाड अंकाची पाठ गोंदाने चिकटवलेली असते. चार महिन्यांत तो तीसेक हातांतून गेला की मधली पानं सुटणारच. पातळ अंकाला दोन पिना असतात आणि त्यांच्याभोवतीच मुखपृष्ठ फाटतं. म्हणून अंक वाटपाला काढण्याआधी एक संध्याकाळ तयारीला द्या. जाड अंकाला पाठीपासून पाऊण सेंटिमीटर आत दाभणाने तीन भोकं पाडा आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवा. मधल्या भोकातून सुरुवात करायची, वरच्या आणि खालच्या भोकातून फिरून पुन्हा मध्ये यायचं आणि तिथे गाठ मारायची. पाठीवर पाच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी चिकटवा. पातळ अंकाच्या पिना तशाच ठेवून मुखपृष्ठाच्या आतून पट्टी लावा. सेलोटेप वापरू नका. ती उन्हाळ्यात पिवळी पडते, डिंक पाझरतो आणि दोन अंक एकमेकांना चिकटतात. खाकी कव्हर घालायचं तर मुखपृष्ठ झाकू नका. दिवाळी अंक लोक मुखपृष्ठ बघूनच उचलतात, त्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिक बरं.

अंकासोबतची सुटी पुस्तिका किंवा दिनदर्शिका अंकातच शिवून टाका, नाहीतर पहिल्याच वाचकाकडे राहते. दिवाळी अंकांची नोंद नियतकालिकांच्या वहीत करा. पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत ते घातले तर विक्रीनंतर चाळीस क्रमांक बाद करण्याचं काम दरवर्षी मागे लागेल. विक्रीचा ठरावही योजना सुरू करतानाच घेऊन ठेवा.

प्र. उन्हाळ्यात पुस्तकांची पाठ तडकते, पावसाळ्यात बुरशी येते, आणि आता कसर लागली आहे. कोणी कडुलिंबाचा पाला सांगतं, कोणी डांबरगोळ्या, कोणी रॉकेल. (भुसावळ)

आधी रॉकेल बाद करा. कागदावर डाग पडतो, वास जात नाही आणि वाचनालयात आगीचा धोका कोणी विकत घ्यावा? डांबरगोळ्यांचा धूर दिसत नसला तरी वाफ असते, आणि बंद खोलीत रोज चार तास बसणाऱ्या ग्रंथपालाला ती त्रासदायक आहे. बंद कपाटात क्वचित ठेवल्या तर एकवेळ चालेल, वाचनकक्षात नकोत. कडुलिंबाचा वाळलेला पाला निरुपद्रवी आहे, पण त्याच्यावर विसंबू नका. ओला पाला तर खणात ओलावाच आणतो.

कसर आणि झुरळं पानांपेक्षा पुठ्ठ्यावरच्या खळीवर येतात. पुस्तक उघडून पाठीच्या आतल्या बाजूला बघा. पीठ सांडल्यासारखा भुगा किंवा कुरतडलेला वरचा थर दिसला तर ते पुस्तक लगेच वेगळं काढा. दहा-वीस पुस्तकं असतील तर सगळ्यांत स्वच्छ उपाय थंडीचा आहे. पुस्तक पूर्ण कोरडं हवं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो. आईस्क्रीम विकणाऱ्याकडचा चालतो, त्याच्याशी हिवाळ्यात बोला, तेव्हा त्याचा फ्रीजर रिकामा असतो. वीज वारंवार जात असेल तर आणखी आठवडाभर वाढवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाई केली तर गार कागदावर हवेतलं पाणी धरतं आणि कसर गेली पण बुरशी आली अशी गत होते.

वाळवीचं वेगळं आहे. ती भिंतीतून आणि जमिनीतून येते, पुस्तकाला औषध लावून थांबत नाही. रॅक भिंतीपासून अर्धा फूट पुढे घ्या, खालचा खण जमिनीपासून अर्धा फूट वर ठेवा. भिंतीवर मातीची नळी दिसली तर नुसती झाडून टाकू नका, ती कुठून निघते ते शोधून तिथे जाणकाराकडून औषध मारून घ्या. लाकडी कपाटाची मागची फळी वर्षातून दोनदा ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर कपाट रिकामं करा.

उन्हाळा. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांचा गोंद अशा हवेत कडक होतो, पुस्तक सपाट उघडलं की पाठ मोडते. पत्र्याचं छप्पर असेल तर सगळ्यांत वरचा खण रिकामा ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला रॅक नको, खिडकीला जाड पडदा हवा. पावसाळ्यात उलट करायचं: पाऊस थांबला, हवा कोरडी असली की खिडक्या उघडायच्या, दमट दिवशी बंद ठेवून पंखा चालू ठेवायचा. खण गच्च भरू नका. तीन फुटांच्या फळीवर चाळीस-पंचेचाळीस कादंबऱ्या कोंबता येतात, पस्तीसच ठेवा. हवा खेळते आणि पुस्तक काढताना पाठीचं वरचं टोक ओढून फाटत नाही. भिजलेली पुस्तकं उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. पंख्याखाली उभी ठेवा, दर वीस पानांमध्ये कोरा कागद घाला आणि तो दर दोन-तीन तासांनी बदला.

मोडलेल्या पाठीची दुरुस्ती घरीच होते. जुना गोंद खरवडा, पानांचा गठ्ठा ठोकून सरळ करा आणि दोन फळ्यांमध्ये आवळा. पाठीवर हॅक्सॉच्या पात्याने दर दोन सेंटिमीटरवर दोन मिलिमीटर खोल खाचा पाडा, त्यांत जाड दोरा बसवा, वरून पांढरा फेविकॉल लावा आणि मलमलीची पट्टी चिकटवा. रात्रभर दाबून ठेवा. पुठ्ठ्यासाठी खळच चांगली: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. उन्हाळ्यात ती एका दिवसात आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. ती सोडा. मोरचूद विषारी आहे आणि तिच्यातल्या तांब्याने कागद लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो.

प्र. सगळ्या पुस्तकांना दशांश वर्गांक (ड्यूई पद्धतीत विषयानुसार ठरलेला आकडा) द्यायला बसलो, पण अर्ध्याहून जास्त पुस्तकांवर ८९१.४६३ हाच आकडा येतो. मग याचा उपयोग काय? (धरणगाव)

मराठी कथा-कादंबरीसाठी काही नाही. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढचा १ कवितेचा, २ नाटकाचा, ३ कथा-कादंबरीचा आणि ४ ललित निबंधाचा. गावच्या वाचनालयात निम्मा संग्रह कादंबऱ्यांचाच असतो, त्यामुळे तो आकडा पाठीवर लिहून वाचकाला काहीच कळत नाही. वर्गांक नोंदवहीत आणि तालिकेत, म्हणजे पुस्तकं शोधायच्या यादीत, राहू द्या. कथा-कादंबरीच्या पाठीवर फक्त लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं लिहा आणि त्या क्रमाने लावा.

माहितीपर पुस्तकांना मात्र आकडा हवाच. शेतीच्या पुस्तकांत कापूस ६३३.५१ वर जातो आणि केळी ६३४.७७२ वर. रावेर-यावलकडच्या वाचकाला केळीची चार पुस्तकं एका जागी सापडली तर तो पाचवं मागायला येतो. छोट्या संग्रहाला तीन आकडे पुरेत. पिकं वेगळी काढायची असतील तरच दशांशात जा.

एक खण खानदेशासाठी वेगळा ठेवा आणि त्यातलं काही घरी देऊ नका: १८८० चं खानदेश गॅझेटिअर, अहिराणी पुस्तकं, गावाच्या स्मरणिका, साखर कारखान्यांचे आणि शाळांचे जुने अहवाल. तालिका करताना नावांकडे लक्ष द्या. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून 'पश्चिम खानदेश' असं छापलेल्या पुस्तकाची नोंद धुळे आणि नंदुरबार या दोन्ही नावांखाली करा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीबद्दल शोधणारा विद्यार्थी पश्चिम खानदेशाखाली बघणार नाही.

प्र. पाड्यांवरच्या पाच शाळांना पुस्तकपेट्या द्यायच्या आहेत. याआधी एका शाळेत दिलेली पेटी वर्षभर कुलपातच राहिली. (तळोदा)

पेटी कुलपात का राहिली ते आधी बघा. गुरुजींकडून पुस्तकांची पावती घेतली असेल आणि 'हरवल्यास भरपाई' असं त्यावर असेल, तर कुलूप लावणं हेच त्यांच्यासाठी शहाणपणाचं होतं. पेटीतली काही पुस्तकं फाटणार, एखाद-दुसरं मुलाच्या घरी कायमचं राहणार हे अंदाजपत्रकातच धरा. साठ पुस्तकांमागे वर्षाला पाच गेली तर ती वापराची निशाणी आहे. भरपाईचं कलम काढून टाका, पावतीवर फक्त पुस्तकांची संख्या लिहा.

पेटीत साठ पुस्तकं पुरतात. मुलांची सचित्र पुस्तकं शंभर-सव्वाशे ग्रॅमची असतात, म्हणजे सात किलोच्या आसपास. पत्र्याच्या लहान ट्रंकेसह वजन बारा किलोच्या आत राहतं, मोटारसायकलवर मागे बांधून नेता येतं. शंभर पुस्तकं भरली की एकट्याला उचलवत नाही आणि पेटी पुढच्या शाळेत जाणं लांबत जातं. ट्रंकेत आतून जाड प्लास्टिक घाला, कडीजवळची फट रबराने बंद करा. सातपुड्यातल्या पावसात पत्र्याची ट्रंक कोरडी राहील यावर विश्वास ठेवू नका.

यादी झाकणाच्या आतून चिकटवा, तिचीच प्रत वाचनालयात ठेवा. पुस्तकांवर १ ते ६० असे पेटीपुरते मोठे आकडे घाला, मुलंच मोजून सांगतात. दाखल क्रमांक वेगळा, आतल्या पानावर. पाच पेट्या, पाच शाळा आणि प्रत्येकीत सहा आठवडे धरले तर फेरी तीस आठवड्यांत पूर्ण होते, दिवाळीची सुट्टी धरूनही जून ते एप्रिलमध्ये बसते. पेटी बदलायचा वार पाड्याच्या बाजाराला जोडून ठेवा, गाडी आणि माणूस त्या दिवशी असतोच.

काय भरायचं? मुलांच्या घरात भिली किंवा पावरी बोलली जाते, मराठी शाळेत भेटते. म्हणून पहिली वीस पुस्तकं जवळजवळ शब्द नसलेली किंवा पानाला एक-दोन ओळींची हवीत, पुढची पंचवीस मोठ्या टाइपाची छोटी गोष्ट असलेली, उरलेली मोठ्या मुलांसाठी. बोधकथांचे जाड संच दान मिळतात म्हणून पेटीत कोंबू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत बऱ्याच गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवून त्या छापता येतात आणि भाषांतरही करता येतात. गावातल्या शिकलेल्या मुलीकडून त्याच पानावर पावरी ओळ लिहून घेतली तर ते पुस्तक पेटीत सगळ्यांत आधी फाटेल. त्याच्या दोन प्रती ठेवा.

प्र. कार्यकारिणी बदलून दीड वर्ष झालं, बदल अर्ज केलेला नाही. काही अडतं का? (साक्री)

अडतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. आता विलंब माफीचा अर्ज जोडून लगेच करा. सोबत निवडीच्या सभेची सूचना, ती मिळाल्याच्या सह्या, इतिवृत्त आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रं लागतील. हे सोडून दिलं तर बँकेतल्या सह्या बदलताना किंवा अनुदानाची कागदपत्रं देताना अडकाल, आणि पुढच्या निवडणुकीनंतरचा अर्ज या अर्जावर थांबून राहील.

प्र. एक जण संगणक प्रणाली घेऊन आला आहे, किंमत बरीच सांगतो. एक्सेलमध्ये भागणार नाही का? (पाचोरा)

पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये भागते, देवघेव भागत नाही. एकच पुस्तक दोघांच्या नावावर लिहिलं तरी एक्सेल काही बोलत नाही. आणि एका रकान्याची क्रमवारी लावताना बाकीचे रकाने निवडायचे राहिले, तर प्रत्येक पुस्तकाला दुसऱ्याचाच लेखक मिळतो. चार-पाच हजार पुस्तकं आणि एक ग्रंथपाल असेल तर यादी संगणकावर आणि देवघेव वहीत किंवा ग्रंथपत्रावर (पुस्तकासोबतच्या कार्डावर), ही जोडी अजूनही उत्तम चालते.

प्रणालीच हवी असेल तर कोहा मोफत आणि मुक्त आहे, पण ती लिनक्सवर बसवणारा आणि पुढे सांभाळणारा माणूस हवा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणालीही आहे. विकत देणाऱ्याला एकच काम सांगा: पाच पुस्तकं माझ्यासमोर मराठीत टाका, ती सगळी एका फाइलमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर प्रणाली जुन्या फॉन्टवर चालते, युनिकोडवर नाही. त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. तुमच्याकडची जुनी यादी अशाच फॉन्टमध्ये असेल तर परिवर्तकाने बदलून घ्या, पण नंतर जोडाक्षरं आणि 'ऱ्या' नजरेखालून घाला, बिघाड तिथेच होतो.

नोंद करताना लेखकाचं आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. आद्याक्षरांनंतर टिंब आणि एक मोकळी जागा ठेवायची की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर एकच लेखक तीन जागी दिसतो आणि शोधणाऱ्याला वाटतं, वाचनालयात त्याचं एकच पुस्तक आहे. रोज कुलूप लावण्याआधी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या.

प्र. सभासद पुस्तकांच्या पीडीएफ मागतात, वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणी कोणी टाकतातही. (नंदुरबार)

गटावर आल्या तर काढून टाका. गट तुमचा आहे. विकत घेतलेली छापील प्रत वाचायला देणं वेगळं आणि तिच्या प्रती करून वाटणं वेगळं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पण त्यांच्या कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून कविता २०१३ पासून मुक्त. त्याच पुस्तकाला असलेली आचार्य अत्र्यांची प्रस्तावना मात्र नाही: अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा ती २०२९ अखेरपर्यंत राखीव आहे. कविता टाइप करून वाटा, पुस्तक जसंच्या तसं स्कॅन करू नका.